आओस्ता खोऱ्यातले किल्ले : दोन दिवसांत काय पाहावे?

बी-४०२ : सर्वांना नमस्कार. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे इटलीतल्या तोरिनोला मुलीकडे जाणार आहोत आणि तिथून जवळच्या आओस्ता खोऱ्यातले किल्ले व राजवाडे पाहण्याचा विचार आहे. यादी इतकी मोठी आहे की दोन दिवसांत कोणते निवडावेत, हेच ठरत नाही. यांचे गुडघे दुखतात, ही अडचण लक्षात घेऊन कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

सी-२०३ : वहिनी, पहिला मान बार्डच्या किल्ल्याचा. मे १८०० मध्ये नेपोलियन आल्प्समधली ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड ओलांडून खाली उतरला, तेव्हा जेमतेम चारशे ऑस्ट्रियन सैनिकांनी या अरुंद जागी त्याच्या प्रचंड फौजेला सुमारे दोन आठवडे अडवून धरले होते. शेवटी फ्रेंचांना तोफांच्या चाकांना गवत गुंडाळून रात्रीच्या अंधारात त्या पुढे न्याव्या लागल्या. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाने हे ठिकाण चुकवू नये.

ए-१०१ : काका, इतिहास अगदी बरोबर आहे, पण आज दिसतो तो नेपोलियनला अडवणारा किल्ला नव्हे. चिडलेल्या नेपोलियनने तो जमीनदोस्त करवला आणि सध्याची वास्तू इथे राज्य करणाऱ्या सव्हॉय घराण्याने १८३० ते १८३८ या काळात नव्याने उभारली. तरीही वर जाण्यासाठी काचेच्या लिफ्ट असल्यामुळे काकूंच्या यजमानांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही आणि आत आल्प्सविषयीचे चांगले संग्रहालयही आहे.

काकू, मी काही वर्षे तोरिनोत राहिले आहे, म्हणून स्पष्ट सांगते. एकच वास्तू पाहायची असेल, तर ती इसोन्यची पाहावी. बाहेरून ती गावातल्या एखाद्या मोठ्या वाड्यासारखी साधी दिसते, पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज द शालाँ या धर्माधिकाऱ्याने तिला जे रूप दिले, ते आत गेल्यावरच कळते. चौकात लोखंडी डाळिंबाच्या झाडाचे कारंजे आहे आणि त्याच्या फांद्यांतून पाणी पडते. ओसरीच्या कमानींखाली शिंपी, खाटीक, औषधविक्रेता, भाजीबाजार आणि पहाऱ्यावरचे शिपाई अशी रोजच्या व्यवहाराची चित्रे आहेत. दुकानातल्या चीजच्या चकत्या इथल्या प्रसिद्ध फोन्तिनाच्या असाव्यात, असे मानले जाते. राजेरजवाड्यांच्या वास्तूत सामान्य माणसांना इतकी जागा क्वचितच मिळते. शतकानुशतके येणाऱ्या पाहुण्यांनी भिंतींवर खरडलेला मजकूरही तिथे जपलेला आहे आणि अभ्यासक तो वाचतात. (आपल्या मंडळींनी यातून प्रेरणा घेऊ नये!)

डी-५०४ : ताई, फेनीसचे काय? कॅलेंडरवर आणि पोस्टकार्डांवर तर तोच किल्ला दिसतो.

ए-१०१ : दादा, दुहेरी तटबंदी आणि अनेक बुरूज असूनही तो लढाईसाठी मोक्याच्या जागी बांधलेला नाही, सखल टेकाडावरचा तो त्याच शालाँ घराण्याच्या वैभवाचा देखावा आहे. आतल्या चौकात ड्रॅगनशी लढणारा संत जॉर्ज आणि हातात सुवचनांच्या पट्ट्या धरलेले ज्ञानी पुरुष चितारलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्तुतज्ज्ञ आल्फ्रेदो द’आंद्रादे यांनी त्याची डागडुजी केली, त्यामुळे सगळेच मध्ययुगीन आहे असे समजू नये. वेरेसचा किल्ला मात्र खरा कठोर आहे : १३९० च्या सुमारास कड्यावर बांधलेला, सुमारे तीस मीटर बाजूचा दगडी घनच. तिथे चढ पायीच चढावा लागतो, म्हणून काकूंनी तो रस्त्यावरूनच पाहावा.

सी-२०३ : आणि इटलीच्या राणी मार्गेरिता यांचा ग्रेसोनेचा राजवाडा?

ए-१०१ : मोंते रोझाच्या हिमनद्यांसमोरचा तो राजवाडा सुंदर आहे, काका, पण तो एका वेगळ्या उपखोऱ्यात असल्याने अर्धा दिवस तिकडेच जातो. शिवाय तो १८९९ ते १९०४ मधला, म्हणजे मध्ययुगाचा आभास निर्माण करणारा आहे. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत ठेवून भुयारातल्या छोट्या रेल्वेने जेवण राजवाड्यात पोहोचवण्याची सोय.

बी-४०२ : मनःपूर्वक आभार. मग पहिल्या दिवशी बार्ड आणि इसोन्य, दुसऱ्या दिवशी फेनीस आणि आओस्ता शहर, असे ठरवते.

ए-१०१ : उत्तम. बार्ड आणि इसोन्य एकमेकांपासून फार लांब नाहीत. इसोन्य आणि फेनीस येथे ठरावीक वेळी मार्गदर्शकासोबत गटाने आत सोडतात, म्हणून सुट्टीचा वार आणि वेळा आधी पाहून तिकिटे काढावीत.