एम-पेसाने दलाल संपवले, असे तुम्हाला कोणी सांगितले?

गोदाकाठ:

‘मेघमल्हार’ यांचा परवाचा लेख वाचून दोन दिवस गप्प राहिलो, आज मात्र राहवत नाही. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा आशय सांगतो: केनियासारख्या देशाने एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा काढून बँका आणि मधली माणसे बाजूला सारली, तेव्हा नाशिकच्या मुलांनी पुण्या-बंगळूरला नोकरीसाठी धावण्याऐवजी इथेच बसून कांद्या-द्राक्षाचे ॲप लिहावे, म्हणजे पाच वर्षांत आडत्या इतिहासजमा होईल.

उदाहरणच उलटे घेतले आहे. एम-पेसा मार्च 2007 मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने सुरू केले, तेव्हा ते ॲप नव्हतेच. साध्या बटणांच्या फोनवर, सिमकार्डातल्या मेनूतून ते चालत असे. त्याचा खरा आधार होता तो गल्लीबोळातला एजंट, म्हणजे तिथला किराणावाला किंवा रिचार्जवाला, जो रोकड घेऊन फोनमध्ये रक्कम भरून देई, फोनमधली रक्कम घेऊन रोकड देई आणि दोन्ही वेळा आपले कमिशन घेई. म्हणजे मधला माणूस संपला नाही, उलट हजारोंच्या संख्येने नवा उभा राहिला. हेच एम-पेसा 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले आणि 2016 मध्ये गुंडाळले गेले. आपल्याकडे व्होडाफोनने ते 2013 मध्ये आणले आणि 2019 मध्ये बंद केले. तंत्र तेच होते. फरक इतकाच, की केनियात बहुतेक मोबाइल ग्राहक सफारीकॉमचेच होते, बँकांच्या शाखा तुरळक होत्या, नैरोबीत राबणाऱ्या माणसाला गावी पैसे धाडायचे होते आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेने सुरुवातीला फारशी आडकाठी केली नाही.

आपल्याकडे जे खरोखर चालले ते यूपीआय, आणि ते कोणा स्टार्टअपने गॅरेजमध्ये बसून लिहिलेले नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने 2016 मध्ये रस्ता बांधला, मग खासगी ॲप्स त्यावरून धावली. ब्राझीलमध्ये नोव्हेंबर 2020 मध्ये आलेले पिक्स तर थेट मध्यवर्ती बँकेचेच आहे. आपल्यासारख्या देशांत नवे तंत्र टिकते ते पैशाची हमी कोणीतरी अंगावर घेतल्यावर. आडत्या हंगामाआधी उचल देतो, गिऱ्हाईक आणतो आणि गिऱ्हाइकाने पैसे थकवले तरी शेतकऱ्याची पट्टी चुकती करतो. तुमचे ॲप फक्त भाव दाखवते.

मेघमल्हार:

लेख माझा असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. एजंटांचा मुद्दा मान्य आहे; केनियाचे उदाहरण मी घाईत घेतले, हे कबूल करतो. परंतु त्यातून आपण जो निष्कर्ष काढला आहे, तो सरकारने रस्ता बांधेपर्यंत तरुणांनी हातावर हात ठेवून बसावे, असा होतो. 2015 च्या सिंहस्थाआधी याच शहरात कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्याच्या अडचणींवर तंत्राने उत्तरे शोधणारे शिबिर, झाले. एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर मूळ नाशिकचे, त्यांच्या पुढाकारातून ते उभे राहिले. पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी चटई इथल्या शाळकरी मुलाने केली आणि ती प्रत्यक्ष कुंभात वापरून पाहिली गेली. ज्या शहराने 2003 च्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गमावले, तिथे याचे मोल काय, हे मी नाशिककरांना सांगायला नको. त्या मुलाने कोणत्या महामंडळाची वाट पाहिली होती?

आणि आडत्याचे एवढे गोडवे ऐकून आश्चर्य वाटले. आपल्या घरात कोणी शेती करतो का?

गोदाकाठ:

माझ्या घराची चौकशी नको. चटईचे कौतुक मलाही आहे. पण चटई गर्दी मोजते, गर्दी कोणाचे पैसे बुडवून परराज्यात पळून जात नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधू नका.

उमराळ्याचा बागायतदार:

पैसे बुडवून पळण्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे सविस्तर लिहितो. गोदाकाठ यांची हमीची गोष्ट कांद्याच्या लिलावाला कदाचित लागू असेल, द्राक्षाला ती लागू नाही. द्राक्षाचा सौदा बागेत होतो. व्यापारी येतो, घड चाखतो, गोडी मोजतो, भाव ठरवतो, थोडा विसार देतो आणि तोडणी सुरू होते. चार वर्षांपूर्वी माझ्या बागेतून अशाच एका व्यापाऱ्याने तीन दिवसांत सगळा माल उचलला. पहिल्या दिवसाचे पैसे रोख दिले, दुसऱ्या दिवसाचा धनादेश दिला आणि तिसऱ्या दिवशी ‘गाडी पोहोचली की टाकतो’ म्हणाला. धनादेश वटला नाही. फोन आधी लागत होता, मग लागेनासा झाला. भाड्याच्या खोलीवर गेलो तर खोलीमालकाचेही भाडे थकलेले होते. पोलिसांत अर्ज दिला; तिथे माझ्यासारखे आणखी सातजण बाकावर बसले होते, त्यातले दोघे माझ्याच शिवारातले. सोसायटीचे कर्ज मात्र बरोबर तारखेला थकीत झाले, त्यात कोणाला विसर पडला नाही.

सातपूरचा संगणकवाला:

आपल्याबद्दल सहानुभूती आहे, तरीही एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. अनोळखी माणसाला लाखोंचा माल कागदाविना दिलाच कसा? मी आणि माझ्या दोन मित्रांनी नेमके यासाठीच दोन वर्षे घालवून एक ॲप चालवले होते. व्यापाऱ्याचे ओळखपत्र, मागील सौदे, शेतकऱ्यांनी दिलेला शेरा, सगळे त्यात होते. शेतकरी आमच्याकडे भाव पाहायचे, तो आकडा दाखवून ओळखीच्या व्यापाऱ्याकडून किलोमागे दोन रुपये वाढवून घ्यायचे आणि माल त्यालाच द्यायचे. आम्हाला कमिशन देण्याची वेळ आली की मोबाइलला रेंज नसायची. शेवटी ॲप बंद करून मी पुन्हा नोकरी धरली. फसवणुकीनंतर रडणारे पुष्कळ भेटतात, फसवणुकीआधी दोन टक्के देणारा एकही भेटला नाही.

उमराळ्याचा बागायतदार:

‘रडणारे’ हा शब्द मागे घ्या. पिकलेला माल वेलीवर असतो आणि आभाळ भरून आलेले असते, तेव्हा ओळखपत्र तपासत बसायला वेळ नसतो. अवकाळीचा एक शिडकावा झाला की मणी तडकतात आणि कालचा भाव आज निम्मा होतो, हे वातानुकूलित खोलीतून दिसत नाही. तुमच्या ॲपवर व्यापाऱ्याचे ओळखपत्र होते, ठीक आहे. पण तो पळाला असता तर माझे पैसे तुम्ही भरले असते का? एवढेच सांगा.

सातपूरचा संगणकवाला:

नाही. आमच्याकडे तेवढे भांडवल नव्हते. ‘रडणारे’ मागे घेतो. वातानुकूलित खोली नव्हती, आईच्या शिलाई मशिनशेजारी टेबल होते, एवढीच दुरुस्ती.

पिंपळगावची सून:

दोघेही पुरुष माणसे भांडत आहात, म्हणून हिशेबाची वही सांभाळणारी या नात्याने लिहिते. ज्या ॲप कंपन्यांना भांडवल मिळते त्यांची गोष्ट ऐका. बाहेरगावच्या अशाच एका कंपनीच्या संकलन केंद्रावर आम्ही टोमॅटोचे 40 कॅरेट नेले. पहिल्या महिन्यात भाव बाजार समितीपेक्षा चांगला, पैसे दुसऱ्या दिवशी खात्यावर, सासरे खूश. तिसऱ्या महिन्यापासून 40 पैकी 14 कॅरेट प्रतवारीत नापास होऊ लागले आणि नापास माल परत आणण्याचे भाडे आमच्याच माथी. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, ‘ताई, वरून यादी येते.’ पुढच्या हंगामात केंद्राला कुलूप दिसले. पैसे बुडाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. पण लिलावात निदान बोली लावणारा समोर उभा असतो, त्याच्याशी भांडता येते. यादीशी कसे भांडायचे?

नोटाबंदीनंतर बाजारात रोखीऐवजी धनादेश सुरू झाले, तेव्हा ते वटवण्यासाठी बँकेत माझ्या किती खेपा झाल्या, ते इथे लिहीत नाही. त्याचा वेगळा धागा होईल.

मेघमल्हार:

चर्चा व्यापाऱ्यांच्या फसवणुकीवरच चालली आहे आणि मूळ प्रश्न मागे पडला आहे, हे नम्रपणे नोंदवतो. ताईंचा अनुभव खरा आहे, पण एका कंपनीच्या वागण्यावरून संपूर्ण क्षेत्राला दोषी ठरवू नये. मोहाडीची सह्याद्री फार्म्स डोळ्यांसमोर आहे; 2022 मध्ये तिथे युरोपातून सुमारे 310 कोटी रुपयांची गुंतवणूक आली.

उमराळ्याचा बागायतदार:

तुम्ही स्वतःच्याच विरोधात उदाहरण दिले. ती शेतकऱ्यांची कंपनी आहे, ॲप नव्हे. आधी माल, शीतगृह, प्रक्रिया आणि सभासद उभे राहिले, संगणक त्यामागून आला.

आणि डिजिटल नवलाईचे म्हणाल, तर स्टार्टअप हा शब्द आमच्या तालुक्यात पोहोचण्याआधीपासून आम्ही ती वापरतो आहोत. औषधांच्या अवशेषांमुळे युरोपने 2003 मध्ये आपल्या द्राक्षांवर बोट ठेवले, त्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, 2006 च्या सुमारास ग्रेपनेट आणले. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, निर्यातदार, पेटी, सगळे एका साखळीत. नेदरलँड्समध्ये पेटी उघडली तरी ती कोणाच्या बागेतली, हे कळावे. एवढे असूनही 2010 मध्ये सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांवरून माल अडकला, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतेच. संगणक विचारलेलेच सांगतो. भोगले आम्ही.

गोदाकाठ:

हे मला माहीत असायला हवे होते आणि नव्हते. द्राक्षात हमी नाही, हेही आपले खरे. मी कांद्यावरून सगळ्या पिकांचे अनुमान केले. पण माझ्या मूळ मुद्द्याला यामुळे बळच मिळते. ग्रेपनेट टिकले, कारण नोंदणीशिवाय युरोपात माल जातच नाही. सक्ती करणारा कोणीतरी होता. सरकारचे ई-नाम, म्हणजे शेतमालाचा ऑनलाइन बाजार, 14 एप्रिल 2016 ला वाजतगाजत सुरू झाले, पण मालाची प्रत विश्वासाने ठरवून देणारा कोणी नसेल, तर दूरच्या गावचा व्यापारी न पाहिलेल्या कांद्यावर बोली लावणार कशी? मेघमल्हार यांना माझा साधा प्रश्न आहे. आपल्या त्या पाच वर्षांत आडत्याला घालवणाऱ्या ॲपमध्ये तोडणीआधी व्यापाऱ्याचे पैसे कुठे ठेवले जातील?

मेघमल्हार:

एस्क्रो खात्यात. व्यापारी सौद्याची पूर्ण रक्कम आधी भरेल, वजनाचा काटा झाला की ती शेतकऱ्याला मिळेल. तंत्र उपलब्ध आहे, बँका ते देतात. यात अशक्य काय आहे?

सातपूरचा संगणकवाला:

अशक्य काही नाही. आम्हीही एका व्यापाऱ्याला हेच सुचवले होते. तो हसून म्हणाला, ‘माल दिल्लीत विकून मग तुमचे पैसे द्यायचे, यालाच तर आमचा धंदा म्हणतात.’ त्याचे भांडवल म्हणजे शेतकऱ्याची उधारी. ती बंद केली तर बागेत येणारे दहा व्यापारी तीनवर येतील आणि ते तिघे भाव पाडतील. ही गोष्ट आपल्या लेखात कुठेच नव्हती.

मेघमल्हार:

नव्हती. लेखात दुरुस्ती करतो. ‘आडत्या इतिहासजमा होईल’ हे वाक्य काढतो, आपणा सर्वांचे समाधान होणार असेल तर ‘आडत्या चिरायु होवो’ असेही घालतो. पण तीन तर तीन, पैसे आधी भरणारे व्यापारी मी शोधणार आहे. भाव किती कमी झालेला चालेल, ते तरी कोणी सांगावे.

उमराळ्याचा बागायतदार:

माझी ऑक्टोबर छाटणी झाली आहे, माल फेब्रुवारीत तयार होईल. पैसे आधी जमा करणारा एकच व्यापारी आणा. किलोमागे दोन रुपये कमी धरायला मी आजच तयार आहे.

पिंपळगावची सून:

भाऊ, दोन कबूल करू नका. एकापासून सुरू करा.