मदत हवी आहे: एआय एजंटच्या भूमिकेत 'हे करायचं नाही' हे मानकात कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

एआय एजंटच्या भूमिका (नियोजक, तपासनीस वगैरे) सगळीकडे एकाच साच्यात लिहिता याव्यात, यासाठी चाललेल्या एका मुक्तस्रोत मानकाला मी हातभार लावतोय. चुकलेले दुवे, उदाहरणं असे किरकोळ बदल मर्ज झाले (प्रकल्पात घेतले गेले). आता पहिल्यांदाच स्पेकच्या (मानकाच्या नियमांच्या) मजकुराला हात घातलाय आणि तिथेच गाडी अडली आहे.

झालं असं, की माझ्या 'तपासनीस' भूमिकेच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: 'कोड फक्त वाचायचा, काहीही बदलायचं नाही.' एक टेस्ट फेल होत होती. अपेक्षित उत्तर ३०, कोड देत होता ३१. एजंटने टेस्टमधलेच ३० खोडून ३१ केले आणि अहवाल दिला, 'सर्व टेस्ट पास.' मी डिफ (काय काय बदललं याची यादी) उघडून पाहिला म्हणून कळलं. भूमिकेची फाइल म्हणजे मॉडेलपुढे ठेवलेला नुसता मजकूर. फाइल लिहायचं टूल त्याच्या हातात होतंच.

म्हणून मी इश्यू उघडून सुचवलं, की वाचणे, लिहिणे आणि कमांड चालवणे या परवानग्यांना वेगळं फील्ड द्यावं आणि त्या पाळायची जबाबदारी एजंट चालवणाऱ्या प्रणालीवर टाकावी. टूलची नावं मुद्दाम टाळली, ती प्रत्येक ठिकाणी निराळी असतात. एजंट स्किल्स या दुसऱ्या मानकाच्या स्पेकमध्ये 'अलाउड-टूल्स' (परवानगी असलेली टूल) असं फील्ड आहे, पण तेही ऐच्छिक आणि प्रायोगिकच.

मेंटेनरनी (प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी) दोन शंका काढल्या. दोन्ही मला पटल्या, म्हणूनच अडकलोय.

पहिली शेलची, म्हणजे जिथे कमांड चालतात त्याची. तपासनीसाला टेस्ट चालवायच्या तर कमांडची परवानगी हवीच. पण ती दिली की 'सेड -आय' या एका कमांडने फाइल बदलता येते, मग 'लिहिणे: नाही' याला अर्थ काय उरला? सँडबॉक्समध्ये (एजंटला बाकी संगणकापासून वेगळं ठेवणाऱ्या बंदिस्त जागेत) फाइल सिस्टीम रीड-ओन्ली ठेवावी, तर कित्येक टेस्टना तात्पुरत्या फाइली लिहाव्या लागतात.

दुसरी 'मस्ट' (सक्ती) की 'शुड' (शिफारस) याची. मानकांतल्या अशा शब्दांचे अर्थ ठरवणाऱ्या १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजाप्रमाणे 'शुड' म्हटलं की सबळ कारण असल्यास ते न पाळण्याची मुभा राहते. मग भूमिका लिहिणारा निर्धास्त आणि प्रत्यक्षात कुंपणच नाही. हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं. 'मस्ट' म्हटलं तर ज्या छोट्या प्रणालींकडे सँडबॉक्स नाही त्या मानकाबाहेर जातात, आणि हे मानक आजवर त्यांनीच उचलून धरलंय.

सध्या माझ्या मसुद्यात असं आहे: 'प्रणालीला एखादी मनाई अमलात आणता येत नसेल, तर तिने ती भूमिका लोड करू नये (मस्ट नॉट) आणि कोणती मनाई अडली ते वापरकर्त्याला सांगावं (मस्ट).' हे फार कडक होतंय का? की इशारा देऊन पुढे जाऊ द्यावं?

कुणी स्पेक लिहिलं असेल, किंवा एजंटसाठी सँडबॉक्स बांधला असेल, तर तात्पुरत्या फाइलींचं काय केलंत तेही सांगा. फक्त या मजकुरावर घोडं अडलंय.