सायकलच्या मागच्या हबचा कोन बदलू की पूर्ण हब?

बाबांची जुनी 22 इंची सायकल वावरात न्यायले काढली. मागचं चाक खडखड करते. हब (चाकाचा मधला तुंबा) उघडला तं डाव्या कोनावर (छर्ऱ्यांवर टेकणारा शंकूसारखा नट) बाजरीएवढे खड्डे, छर्रे (पोलादी गोळ्या) काळे. तारा (स्पोक) अजून मजबूत आहेत, म्हणून त्या सोडून हब काढायले जीव होत नाही. नुसता कोन चालन का?

— भाऊ, आधी कटोरीत (हबमधली छर्रे बसायची वाटी) बोट फिरवा. गुळगुळीत असली तं हब राहू द्या. छर्रे मात्र सगळे नवे टाका, पाव इंची, दोन्हीकडे नऊ-नऊ. जुना कोन दुकानात न्या, आटे जुळले पाहिजेत.

— कोन करकचून आवळू नका राजेहो, तेच आवळणं नवा कोन खाते.

— कटोरी साफ निघाली! ग्रीस भरून बसवलं. बाबा स्वतः चाक फिरवून पाहत होते.