३० फ्रेमचा जुना कोड दुसऱ्या भागात ६० वर नेला आणि मारामारी बिघडली

रानमांजर

युनिटी या गेम इंजिनमधल्या थर्ड पर्सन अ‍ॅक्शन गेमचा दुसरा भाग करतोय. पहिला फक्त अँड्रॉइडवर होता, सेकंदाला ३० फ्रेमला (चित्रांना) बांधलेला. दुसरा पीसीवरही येणार, म्हणून ६० ची मर्यादा लावली आणि मारामारीचा कोड तसाच उचलला. आता पुढचे घोळ दिसतायत:

जड वाराने शत्रूचं आयुष्य दुप्पट उतरतं. हलका वार मात्र डोळ्यांना लागलेला दिसतो, पण नोंदच होत नाही. उडी थोडी उंच जाते, त्यामुळे जुन्या लेव्हलमधल्या ज्या कठड्यावर चढता येऊ नये तिथे खेळाडू चढतो. कॅमेरा पूर्वी मऊ होता, आता पाठीला चिकटल्यासारखा वाटतो. आणि डॉजचं (वार चुकवण्याच्या हालचालीचं) बटण दहातून एकदा-दोनदा दाबलेलं लागतच नाही.

जड वाराची खिडकी (वार लागू शकतो तेवढा वेळ) अ‍ॅनिमेशन इव्हेंटने उघडते-मिटते, हलक्याची फ्रेम मोजून (३ फ्रेम). दोन्हीकडे अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणाऱ्या कोडमध्ये) ओव्हरलॅपस्फिअर (एका गोलाच्या आत कोण आहे ते तपासणं) आहे. डॉजचं बटण फिक्स्डअपडेटमध्ये (ठरावीक वेळाने चालणाऱ्या फिजिक्सच्या कोडमध्ये) वाचतो. फिक्स्ड टाइमस्टेप (फिजिक्सच्या एका पावलाचा वेळ) मूळचाच, ०.०२ सेकंद. चालण्या-उडण्याला सगळीकडे डेल्टाटाइमने (मागच्या फ्रेमला लागलेल्या वेळाने) गुणलेलं आहे. नव्याने लिहावं की दुरुस्त होईल? डेमोला तीन महिने आहेत.

ठोकाताल

नव्याने लिहू नका. पाचही तक्रारींचं मूळ एकच आहे: खेळाचे नियम चित्र काढण्याच्या वेगावर टांगलेत.

जड वार आधी. खिडकी वेळेची आहे, समजा १०० मिलिसेकंद. ३० ला त्यात तीन फ्रेम बसत होत्या, म्हणजे ओव्हरलॅप तीनदा लागून एकाच वाराची इजा तीनदा वजा होत होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण इजेचा आकडा हाताने जुळवताना ते तिप्पट आपोआप जमेस धरलं गेलं. ६० ला सहा फ्रेम, म्हणून दुप्पट. प्रत्येक वाराला एक हॅशसेट (एक नोंद एकदाच ठेवणारी यादी) द्या, लागलेल्या शत्रूचा आयडी त्यात टाका, त्याच वारात तो पुन्हा आला तर सोडून द्या. नवा वार सुरू झाला की सेट रिकामा. आकडाही बदलावा लागेल: टेबलात ८ लिहिलं असेल तर खेळाडूने आजवर अनुभवलेली इजा २४ आहे. तो २४ लिहा. हे विसरलात तर शत्रू दगडासारखे वाटतील आणि दोष अ‍ॅनिमेशनला दिला जाईल.

डार्क सोल्स २ मध्ये नेमकी हीच जात होती. २०१४ च्या पीसी आवृत्तीत ६० फ्रेमला हत्यारं दुप्पट वेगाने झिजायची, विशेषतः पातं मेलेल्या शत्रूच्या धडातून गेलं की. कन्सोलवर ३० च्या आसपास ते कुणाला खुपलं नव्हतं. दुरुस्ती २०१५ मध्ये आली. इतक्या कसलेल्या हातांकडून हे सुटतं, कारण चूक जुन्या वेगावर चूक म्हणून दिसतच नाही.

हलक्या वाराचं उलट आहे. ३ फ्रेम म्हणजे ३० ला १०० मिलिसेकंद होते, ६० ला ५० झाले. पातं शत्रूपर्यंत पोहोचायच्या आत खिडकी मिटते.

डॉजचं गणित तर सरळ आहे. ०.०२ म्हणजे सेकंदाला ५० फिजिक्स पावलं, चित्रं ६०. दर सहा चित्रांत एका चित्राच्या वाट्याला पाऊलच येत नाही. गेटबटनडाउन (बटण आत्ताच दाबलं का, हे सांगणारं) फक्त एका चित्रापुरतं खरं असतं. बोट नेमकं त्या चित्रात पडलं तर दाब हरवला. सहातून एक, म्हणजे तुम्ही म्हणता तेच प्रमाण. ३० ला प्रत्येक चित्राला किमान एक पाऊल मिळायचं, म्हणून हरवत नव्हतं. उलट कधी कधी दोनदा वाचलं जायचं, पण डॉज आधीच सुरू झालेला असल्यामुळे कळायचं नाही.

उपाय: बटण अपडेटमध्येच वाचा, बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवा, फिक्स्डअपडेटमध्ये वापरा आणि वापरल्यावर पुसा. बफर ८ टिक ठेवा (टिक म्हणजे फिजिक्सचं एक पाऊल; ६० ला साधारण १३३ मिलिसेकंद). १२ च्या वर गेलात की घाईत दोनदा दाबलेला डॉज उशिरा उगवतो आणि खेळाडूला वाटतं पात्र ऐकत नाही.

कठडा_२५

उडीबद्दल. डेल्टाटाइमने गुणलं की फ्रेमरेटचा प्रश्न मिटला, हा समज फार पसरलेला आहे. सरळ रेषेतल्या चालीला तो खरा आहे, गुरुत्वाकर्षण आलं की नाही.

सुरुवातीचा वेग १० मी/से, गुरुत्व २० धरा. कागदावर उंची २.५ मीटर येते. आधी वेग कमी करून मग जागा बदलणारा नेहमीचा कोड प्रत्येक उडीत वेग गुणिले फ्रेमचा वेळ भागिले दोन इतकी उंची खातो. ३० ला २.३३ मीटर, ६० ला २.४२. ते आठ-नऊ सेंटिमीटर म्हणजे तुमचा कठडा. १४४ वर आणखी वाढेल. फ्रेमच्या सुरुवातीचा आणि शेवटचा वेग यांची सरासरी घेऊन जागा बदला, कुठल्याही फ्रेमरेटला २.५ च्या आसपास येईल. जुन्या लेव्हल वापरणार असाल तर मग सुरुवातीचा वेग ९.६६ करा, जुने २.३३ परत मिळतील.

कॅमेऱ्यात बहुतेक लर्पला (दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा ठरावीक भाग सरकणं) ०.१ दिलेलं असेल. ३० ला सेकंदाअखेर मूळ अंतराचे ४ टक्के उरतात, ६० ला ०.२ टक्केही नाहीत. ०.१ च्या जागी १ वजा एक्स्प(-३.१६ × डेल्टाटाइम) लिहा, जुना मऊपणा जसाच्या तसा येईल. हे लेटअपडेटमध्ये (सगळे अपडेट झाल्यावर चालतं).

रानमांजर

हॅशसेट आणि बफर घातले, जड वार व डॉज जागेवर आले. आभार. आता दोन शंका. हलक्या वाराची खिडकी मिलिसेकंदात लिहू की टिकमध्ये? आणि १२० हर्ट्झच्या फोनवर सगळे नियम १२० ला चालवायचे का?

ठोकाताल

टिकमध्ये. फिक्स्ड टाइमस्टेप ०.०१६६६६६७ करा आणि हल्ल्याचं पूर्ण वेळापत्रक (तयारी, खिडकी, सावरणं) तिथेच मोजा. जुन्या टेबलातला प्रत्येक आकडा आधी नुसता दुप्पट करा: तयारी ४ ची ८, खिडकी ३ ची ६. पहिल्या दिवशी एकही आकडा "सुधारायचा" नाही. जुना हात परत आला की मग ७ किंवा ९ करून बघा. ३० ला ही अधली घरं नव्हतीच, दुसऱ्या भागाचा खरा फायदा तिथे आहे. पॅरीची (शत्रूचा वार ऐन वेळी परतवण्याची) खिडकी मात्र तपासा. ६० ला बटणापासून चित्रापर्यंतचा उशीर घटतो, त्यामुळे तेवढ्याच मिलिसेकंदांची पॅरी सोपी वाटते. टिक-दोन टिक कापावी लागेल.

१२० ला नियम नेऊ नका. नियम ६०, चित्रं १२०, रिजिडबॉडीला (फिजिक्सने हलणाऱ्या वस्तूला) इंटरपोलेट (दोन टिकमधली जागा काढून दाखवणं) चालू. किंमत म्हणून चित्र एका टिकपर्यंत मागे राहतं, १६.७ मिलिसेकंद. ती परवडते. फोन तापला की १२० चे ४५ होतात, तेव्हा काही चित्रांत दोन टिक चालतील, पण वार तेवढाच लागेल. मॅक्झिमम अलाउड टाइमस्टेप (एका फ्रेमला फिजिक्स किती वेळ भरून काढू शकतं याची कमाल) मूळचा ०.३३ असतो, तो ०.१ करा. नाहीतर एका अडखळीनंतर वीस टिक एकदम धावतात आणि खेळाडू काही न बघता मरतो.

पातं_आणि_पट्टा

ठोकाताल यांच्याशी एका जागी असहमत. टिकवर नेलं तरी वेगवान तलवारीला ओव्हरलॅपस्फिअर पुरत नाही. १.२ मीटरचं पातं १०० मिलिसेकंदांत १५० अंश फिरलं तर टोक एका टिकमध्ये अर्ध्या मीटरहून जास्त सरकतं. सडपातळ शत्रू दोन जागांच्या मध्ये निसटतो. पात्यावर मूठ, मध्य, टोक असे तीन बिंदू धरा आणि प्रत्येकाचा मागच्या टिकपासून आत्ताच्या जागेपर्यंत स्फिअरकास्ट (गोल सरकवून वाटेत काय लागतं ते तपासणं) करा, त्रिज्या ०.१. अ‍ॅनिमेटरचा अपडेट मोडही फिजिक्सवर टाका. नाहीतर हाडं चित्राच्या वेळी हलतील, तुम्ही टिकच्या वेळी मोजाल आणि पातं एक पाऊल मागे सापडेल.

हिटस्टॉपही (वार लागताच क्षणभर थांबणं) बघून घ्या. टाइमस्केल (खेळातल्या वेळेचा वेग) शून्य करून वेटफॉरसेकंड्स वापरलं असेल तर तो वेळ कधी संपणारच नाही, वेटफॉरसेकंड्सरिअलटाइम हवं. माझ्या मते टाइमस्केलला हातच लावू नये. मारणारा आणि खाणारा, दोघांचेच अ‍ॅनिमेटर आणि टिकमोजणी ४ ते ६ टिक थांबवा. आसपासचा पाऊस, ठिणग्या, कॅमेऱ्याचा हलका झटका चालू राहिला की वार जास्त जड वाटतो.

तपासणीसाठी एक रिकामी खोली, एक न मरणारा पुतळा आणि एक कठडा. तीस सेकंदांची बटणं टिक क्रमांकासह फाइलीत नोंदवा. व्हीसिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाला बांधणं) बंद करून तीच फाइल टार्गेटफ्रेमरेट २०, ३०, ६० आणि १४४ वर चालवा. चारही वेळा पुतळ्याला लागलेले वार, एकूण इजा आणि उडीची कमाल उंची छापा. वार आणि इजा एकाने जरी हलली तर कुठेतरी अजून अपडेटमध्ये नियम लपलाय. आधी २० ची ओळ बघा.