साखर घसरणाऱ्या मुलीला मधुमेहाची गोळी? तीही चार रुग्णांच्या भरवशावर?

रात्रीचा_गजर:
मुलगी सहा वर्षांची, तिला जीएसडी वन-बी हा ग्लायकोजेनचा (शरीरात साठवलेल्या साखरेचा) जन्मजात आजार. यकृतात साठलेल्या ग्लायकोजेनमधून तिला ग्लुकोज सोडता येत नाही, म्हणून दर चार तासांनी कच्चा कॉर्नस्टार्च पाण्यात ढवळून पाजायचा. रात्री एकचा आणि पहाटे पाचचा, असे दोन गजर. त्याची सवय झाली. न्यूट्रोफिलची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, मात्र होत नाही. मूळचा आकडा पाचशेच्या खालीच. तोंडात फोड आले की ती कॉर्नस्टार्च गिळत नाही, गिळला नाही की साखर घसरते, मग सलाईन. गेल्या वर्षी गुदद्वाराजवळ गळू झालं, ते कापावं लागलं. या पेशी वाढवणारी जीसीएसएफची इंजेक्शनं चालू आहेत. आकडा चढतो, पण प्लीहाही वाढत चाललीय.

आता डॉक्टर एम्पाग्लिफ्लोझिन देऊ म्हणतायत. लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी! जिची साखर टिकवायला आम्ही रात्री उठतो, तिला? पुरावा मागितला तर २०२० सालचा शोधनिबंध दिला. रुग्ण किती, तर चार. मी हिशेबतपासनीस आहे. चार पावत्या बघून मी कुणाच्या ताळेबंदावर सही करत नाही. कुणी सांगेल का, यावर हो कसं म्हणायचं?

काठावरचा:
मी तर नाहीच म्हटलं असतं. लेकरू म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.

पिपेट:
प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. दादा, तुम्ही नंतरची पावती आधी बघताय. आधीची २०१९ची आहे.

आपल्या रक्तात १,५-अॅनहायड्रोग्लुसिटॉल नावाचा ग्लुकोजसारखा दिसणारा पदार्थ असतो. अन्नातून येतो, शरीराच्या काही कामाचा नाही. न्यूट्रोफिलमधलं एन्झाइम फसतं आणि ग्लुकोज समजून त्याला फॉस्फेट चिकटवतं. एरवी तो फॉस्फेट काढून टाकायची सोय पेशीत असते, पण त्यासाठी तो पदार्थ आधी पेशीच्या आतल्या कप्प्यात न्यावा लागतो. तुमच्या मुलीत नेमका तो नेणारा वाहक बिघडलाय. मग कचरा साठतो आणि ग्लुकोज वापरण्याची पहिलीच पायरी अडवतो. न्यूट्रोफिल जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोज फोडण्यावर जगतो, त्यामुळे उपाशी मरतो. जीसीएसएफ नव्या पेशी ढकलत राहतं, त्या आतून आजारीच असतात.

आता गोळी. लघवीत ग्लुकोज उतरलं की मूत्रपिंडाला हा पदार्थ परत शोषता येत नाही, तो वाहून जातो. मधुमेह बेताल असलेल्यांच्या रक्तात तो कमी सापडतो, हे फार आधीपासून माहीत होतं. त्यावर एक तपासणीच आहे! २०१९मध्ये बेल्जियमच्या गटाने ही साखळी उलगडली आणि उंदरांवर करूनही पाहिली. त्यानंतर ते चार रुग्ण. म्हणजे चार जणांवर नशीब अजमावलं नव्हतं, आधी काय घडेल ते सांगितलं आणि तसं घडलं. प्रत्येक रुग्ण स्वतःच्याच आधीच्या अवस्थेशी ताडून पाहिला.

२०२२मध्ये ही गोळी घेणाऱ्या २४ देशांतल्या ११२ रुग्णांची माहिती आली. पण ती डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून जमवलेली. ज्यांचं बरं झालं त्यांची नोंद हौसेने येते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ओवीची_आई:
आमची नऊ वर्षांची, गोळी दीड वर्ष चालू आहे. तोंडातले फोड तिसऱ्या आठवड्यात गेले. कॉर्नस्टार्च आता कुरकुर न करता पिते. पण सुरुवात हॉस्पिटलमध्येच करा, साखर सारखी मोजत. आमच्या पहिल्या आठवड्यात दोनदा खाली गेली, डोस कमी करून दोन वेळांत विभागला. उलट्या-जुलाब किंवा जेवण बंद असेल त्या दिवशी गोळी थांबवायची, हे लेखी मागून घ्या. लघवीच्या जागी जळजळ किंवा खाज सुटली तर लगेच सांगा, साखरेमुळे तिथे बुरशी धरते.

पिपेट:
साखरेच्या भीतीबद्दल राहिलं. रक्तातली साखर मुळात कमी असली की मूत्रपिंडातून गाळलीही कमीच जाते, म्हणून मधुमेह्याइतकी ती वाया जात नाही. तरी धोका आहेच, त्या ११२ जणांतही सर्वांत जास्त नोंदलेला त्रास साखर घसरण्याचाच.

रात्रीचा_गजर:
ताई, दोघींचे आभार. पावत्यांचा क्रम चुकला होता, मान्य. मंगळवारी तीन गोष्टी विचारणार: गोळीआधी आणि नंतर रक्तातला तो पदार्थ मोजता येईल का, आजारपणाच्या दिवसाचा लेखी आराखडा, आणि जीसीएसएफ त्याच दिवशी बंद करायचं का.

ओवीची_आई:
त्याच दिवशी नाही. आमचं अडीच महिने हळूहळू उतरवलं, दर आठवड्याला रक्त बघून. सुई बंद म्हटल्यावर ओवीने पहिल्यांदा विचारलं होतं, 'आणि कॉर्नस्टार्च?' तो सुटत नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.