शाई मारली की योद्धा सपाट दिसते: चूक डिझाइनमध्ये की इंकिंगमध्ये?

रेघोट्या
दलदलीतल्या वाटा राखणारी एक भालेकरीण, असं स्वतःचं पात्र घडवतोय. कागद ए4, आकृती उभी, डोक्यापासून पायापर्यंत साधारण 20 सेंमी. अंगात पूर्ण पत्र्याचं चिलखत, भलेमोठे खांदे, मागे घोट्यापर्यंत केप, पाठीवर फुलीसारख्या दोन तलवारी आणि हातात भाला.

पेन्सिलीत बरी दिसते, शाईत पार मरते. सगळी बाह्यरेषा 0.3 मिमीच्या फाइनलायनरने (बारीक टोकाच्या शाईच्या पेनने) आणि सावली 0.1 ने क्रॉस-हॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या समांतर रेघांची जाळी) करून, अशी पद्धत आहे. तीन अडचणी: चिलखत कापडासारखं दिसतं, भाला आणि मागचा हात एकमेकांत मिसळतात, आणि खोडरबर फिरवला की काळं राखाडी होतं. कागद 120 जीएसएमचा (चौरस मीटरला 120 ग्रॅम). टाक किंवा ब्रश घेतल्याने फरक पडेल का?

घडीव
हत्यारं बदलण्याआधी पात्राकडे बघा. दलदलीत राहणारी बाई पत्र्याचं चिलखत घालून किती पावलं जाईल? केप भिजून जड होणार, झुडपांत अडकणार. पाठीवरच्या लांब तलवारींचा तर नुसता भार आहे. पातं हाताच्या लांबीपेक्षा मोठं असेल तर बंद म्यानातून खांद्यावरून ते पूर्ण बाहेर येतच नाही. आरशासमोर पट्टी धरून हात वर खेचून बघा, लगेच कळेल.

आता उलटीकडून या. ती लढते कुठे, कोणाशी, किती अंतरावरून? गुडघाभर चिखलात पळता येत नाही, म्हणून शत्रूला लांबच रोखायचं, म्हणून भाला. तोच भाला पाण्याची खोली मोजायलाही कामी येईल. दांड्याच्या खालच्या भागावर ठरावीक अंतराने खाचा आणि चिखलाची रेघ दाखवा, पात्राची निम्मी ओळख तिथेच होते. अंगात शिवणी घातलेली जाड सुती बंडी, वर छातीपुरतं कातडं, धातू फक्त भाल्याच्या पुढच्या हाताच्या मनगटावर. कमरेला एक आखूड सुरी पुरे.

प्रमाण: आकृती आठ डोक्यांची धरली तर तुमच्या कागदावर डोकं 2.5 सेंमीचं होतं. भाला दहा डोक्यांचा, म्हणजे 25 सेंमी. ए4 वर तो उभा मावतो, पण जरा तिरका धरला तर पोझ जिवंत होते.

खांद्याचं कवच ठेवायचंच असेल तर हात डोक्यावर गेल्यावर ते कुठे सरकतं ते वेगळं काढून बघा. बहुतेक कल्पनेतली कवचं तिथेच गालात घुसतात. पट्टा कुठून कुठे जातो आणि बक्कल कुठे आहे हे ठरल्याशिवाय एकही तुकडा अंगावर ठेवू नका.

शेवटी 5 सेंमी उंचीच्या दहा-बारा छोट्या आकृत्या पूर्ण काळ्या भरून काढा. आतले तपशील नसताना भाला कुठला, हात कुठला, तोंड कुठे हे ओळखू येत नसेल तर ती पोझ सोडून द्या.

काळंपांढरं
डिझाइनचं वर आलंच आहे. सपाटपणाचं कारण मात्र मला क्रॉस-हॅचिंगमध्ये दिसतंय. सगळीकडे सारखं हॅचिंग केलं की सगळीकडे सारखाच मधला करडा तयार होतो. पेन्सिलीत दाब बदलून दहा छटा मिळतात. शाईत खऱ्या छटा दोनच, कोरा कागद आणि काळं; करडा हा फक्त डोळ्याचा भास, तो राखून वापरायचा.

म्हणून शाई मारण्याआधी पेन्सिलच्या चित्राची झेरॉक्स काढा आणि तिच्यावर जाड मार्करने फक्त काळे भाग भरा. प्रकाश कुठून येतो त्याचा बाण समासात काढून ठेवा. हनुवटीखाली, काखेत, बंडीच्या घेराच्या आत, मांड्यांच्या मधे, जिथे सावली नक्की आहे तिथे भरगच्च काळं टाका. एवढ्यावर आकृती उभी राहिली तर हॅचिंग नावापुरतंच लागतं. काळ्याच्या कडेवरून प्रकाशाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या रेषा ओढल्या की झालं. दुसरा थर द्यायचाच तर काटकोनात नको, 20 ते 30 अंशांच्या कोनात द्या. काटकोनात जाळी दिसते, आकार दिसत नाही.

बाह्यरेषा 0.3 च्या एकाच जाडीची असेल तर आकृती कापून चिकटवल्यासारखी वाटणारच. सावलीच्या बाजूला आणि एक वस्तू दुसरीच्या पुढून जाते तिथे 0.5 ते 0.8, प्रकाशाकडे 0.1, आणि प्रखर प्रकाशात रेषा मधेच तोडून द्या.

भाला आणि हात मिसळतात कारण दोन्हींच्या कडा बहुधा समांतर जाताहेत किंवा एकमेकींना नुसत्या टेकताहेत. भाल्याचा कोन 10-15 अंशांनी बदला, म्हणजे तो हाताला स्पष्ट छेदेल. मागच्या हाताच्या रेषा भाल्यापासून 1 मिमी अलीकडे थांबवा. ती कोरी फट डोळ्याला खोली सांगते.

रेघोट्या
मनगटावरचा पत्रा आणि गळ्याभोवती थोडी कड्यांची जाळी ठेवतोय. हे दोन्ही कातड्यापासून वेगळं कसं दाखवायचं? आणि चेहरा शाईत दहा वर्षांनी म्हातारा होतो, त्याचं काय?

काळंपांढरं
चकचकीत पत्र्यात सर्वात काळा पट्टा सर्वात पांढऱ्या पट्ट्याला अगदी खेटून असतो आणि दोघांमधली कड धारदार असते. मनगटाच्या नळकांड्यावर पट्टे लांबीच्या दिशेने ओढा आणि प्रकाशाच्या कडेपासून सावलीच्या कडेपर्यंत असा क्रम ठेवा: बारीक रेषांचा करडा, कोरा पांढरा, भरीव काळा, आणि सावलीच्या कडेला परावर्तित प्रकाशाची एक बारीक कोरी रेघ. ती शेवटची रेघ राहिली की पत्रा वळलेला दिसतो. तुमचं चिलखत कापड वाटतं कारण तिथे काळ्यापासून पांढऱ्याकडे हळूहळू जाणारं हॅचिंग आहे. कातड्याला उलट मऊ, तुटक कड द्या आणि घासलेल्या काठांवर कोरा कागद सोडा.

जाळीची कडी न् कडी काढू नका. एका ओळीत छोटे अर्धगोल, पुढच्या ओळीत उलट तोंडाचे, तेही सावलीच्या बाजूलाच. उजेडात चार-पाच विखुरलेले अर्धगोल बास.

चेहरा: वरची पापणी जाड, खालची जवळजवळ नाहीच. नाकाची एकच बाजू. गालावर आणि ओठांच्या कोपऱ्यापासून खाली रेघ ओढली की वय वाढलंच. 2.5 सेंमीच्या डोक्यात 0.05 चा पेन आणि भुवईखालची एक काळी सावली एवढं पुरतं.

निबवाला
साहित्याचं बघू. 120 जीएसएमवर फाइनलायनर चालतो, टाक चालत नाही; निब तंतू उपसते आणि शाई फुटते. गुळगुळीत, 250 जीएसएमच्या आसपासचा ब्रिस्टल (चित्रकलेचा जाड, कडक कागद) घ्या. नव्या निबवर तेलकट थर असतो, साबणाने पुसल्याशिवाय शाई थेंबाथेंबाने गोळा होते. निब तिच्या भोकाच्या मध्यापर्यंतच बुडवायची. रेषा नेहमी आपल्याकडे ओढायची, पुढे ढकलली की टोक रुततं आणि शिंतोडे उडतात. हात अडला तर कागद फिरवा. लाख असलेली इंडिया इंक फाउंटन पेनमध्ये चुकूनही भरू नका, आत वाळून बसते. मोठे काळे भाग 2 नंबरच्या गोल ब्रशने.

भाल्याला पट्टी लावू नका. शाई पट्टीखाली झिरपते, आणि न झिरपली तरी रेषा निर्जीव येते. हात खांद्यापासून हलवून, मुठीपर्यंत एक आणि मुठीपलीकडे दुसरी अशा दोन ओढींत काढा. जोड मुठीआड लपतो.

राखाडी काळ्याचं सोपं आहे. खोडरबर कागदाच्या पृष्ठभागावरचं रंगद्रव्यही उचलतो. 2एच (कडक, फिकी) पेन्सिल हलकी चालवा, शाई मारण्यापूर्वी मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने टिपून रेघा जेमतेम दिसतील इतक्या फिक्या करा. आधी फक्त रेषांची शाई, ती पूर्ण वाळल्यावर खोडणं, आणि भरीव काळं सगळ्यात शेवटी.

चुकलेल्या जागी पांढरा ग्वाश (अपारदर्शक जलरंग) पातळ थरात लावा. पांढऱ्या जेल पेनवर पुन्हा शाई धरत नाही, तो शेवटच्या चमकेपुरताच ठेवा, म्हणजे भाल्याचं टोक आणि डोळ्यातला ठिपका.

घडीव
छापण्यासाठी निम्म्या आकारात नेणार असाल तर ते 0.05 चे तपशील आधी झेरॉक्सवर 50 टक्के करून बघा. चेहऱ्यावरच्या रेघा तिथेच नाहीशा होतात आणि जवळजवळचं हॅचिंग बुजून काळा डाग होतो. स्कॅन 600 डीपीआयच्या (इंचामागे 600 ठिपक्यांच्या) खाली नको.