निवडून येण्याची क्षमता : अंदाज की सबब?

पायवाट :

उमेदवारीवरून पक्षात कितीही वाद झाला तरी शेवटी एक वाक्य सगळ्यांची तोंडं बंद करतं : "तुमचं सगळं खरं, पण हा निवडून येईल का?"

प्रश्न रास्तच आहे. निवडणूक लढवायची तर तो विचारायलाच हवा. माझी तक्रार त्याच्या उत्तराबद्दल आहे. निवडून येण्याची क्षमता हा निव्वळ अंदाज, पण तो सांगताना सूर असा की जणू मतमोजणी उरकलीय. आणि तो चुकला तर जाब कोणी कोणाला विचारत नाही. तत्त्वाला धरून दिलेला उमेदवार पडला की "सांगत होतो ना" म्हणणारे रांगेने उभे. क्षमता बघून आणलेला पडला की मात्र हवाच विरोधात होती!

ओबामांचं बघा. २००७ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते, तेव्हा त्यांच्याबद्दल एक मोठी शंका ही होती की गोरा मतदार त्यांना मत देणार नाही. कृष्णवर्णीय मतदारांतले कित्येक जण याच भीतीने पक्षातल्याच प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकले होते. ३ जानेवारी २००८ ला आयोवा या बहुतांश गोऱ्या राज्यात पक्षांतर्गत लढत ओबामा जिंकले, आणि तीनच आठवड्यांनी साउथ कॅरोलायनात त्यांना ५५ टक्के मतं पडली. माणूस तोच, भूमिका त्याच. बदलला तो लोकांचा इतर लोकांविषयीचा समज. म्हणजे 'हा येणार नाही' असं म्हणताना आपण बरेचदा दुसऱ्याच्या मनातल्या, तेही कल्पनेतल्या, पूर्वग्रहाला मत देत असतो.

माझं म्हणणं इतकंच की कोणत्या दोन-चार गोष्टींवर तडजोड नाही हे पक्षाने उमेदवार शोधण्याआधी ठरवावं. बेरीज-वजाबाकी त्यानंतर. आज सगळीकडे उलटं चालतं.

हिशेबनीस :

असहमत. एका ओबामांवर सिद्धान्त उभा राहत नाही.

अमेरिकेतल्या डेलावेर राज्याची २०१० ची सिनेटची जागा घ्या. रिपब्लिकनांकडे माइक कासल होते. माजी गव्हर्नर, मवाळ, विरोधी मतदारांतही वट असलेले. पक्षाच्या कडव्या मतदारांना ते 'आपले' वाटेनात, म्हणून क्रिस्टीन ओ'डोनेल यांना तिकीट मिळालं. त्या सुमारे १७ टक्क्यांनी पडल्या. तत्त्व जिंकलं, जागा विरोधकाकडेच राहिली, आणि त्या तत्त्वाविरुद्ध मत देणाराच सिनेटर निवडून आला.

हा अपवादही नाही. अँड्र्यू हॉल या राज्यशास्त्रज्ञाने अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या निवडणुका तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला : पक्षांतर्गत लढतीत टोकाचा उमेदवार थोडक्यात जिंकला असेल, तर मुख्य निवडणुकीत पक्षाच्या मतांचा वाटा सरासरी ९ ते १३ टक्क्यांनी घसरतो. 'दुसऱ्याच्या कल्पनेतला पूर्वग्रह' म्हणून हे झटकता येणार नाही.

आणि पराभवाची किंमत कोण मोजतं हेही बघा. १९८३ मध्ये ब्रिटनचा मजूर पक्ष आपल्या तत्त्वांचा पूर्ण जाहीरनामा घेऊन उतरला. २७.६ टक्के मतं. पुढे पक्षनेते ब्लेअर यांनी १९९५ मध्ये पक्षघटनेतलं सार्वजनिक मालकीचं कलम बदललं, तेव्हा निष्ठावंत खवळले. १९९७ ला सत्ता आली आणि १९९८ मध्ये देशभर लागू होणारा किमान वेतनाचा कायदा झाला. तडजोड न करता पडत राहिले असते तर हॉटेलात भांडी घासणाऱ्याला काय मिळालं असतं? निष्ठावंतांच्या मनाची शांती?

खडूफळा :

हिशेबनीस, तुमचा हिशेब एका निवडणुकीपुरता आहे. रिपब्लिकनांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गोल्डवॉटर १९६४ मध्ये सपशेल आपटले, ५० पैकी ६ राज्यं. पण त्या प्रचारातून जी फळी उभी राहिली तिनेच पक्ष ताब्यात घेतला. त्यांच्यासाठी गाजलेलं भाषण करणारे रेगन १६ वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाले. काही पराभव हे पेरणी असतात.

हिशेबनीस :

उगवलं तेवढंच मोजायचं का? डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी सोडून सगळीकडे हरले. त्यातून काय उगवलं? दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांच्याच पक्षाने उमेदवार निवडीत नेत्यांना पुन्हा हक्काची मतं दिली. सामान्य मतदारांच्या कौलाला लगाम घालायला.

शिवाय गोल्डवॉटर यांनी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं होतं आणि त्यांच्या ६ राज्यांपैकी ५ दक्षिणेची होती. ते तत्त्व होतं की मतांचं गणित, यावर अजून भांडणं होतात.

मंडपातला :

दोन्ही बाजू फार वरून बोलताहेत. एका पक्षाच्या (नाव राहू दे) संघटनेत मी बरीच वर्षं सतरंज्या उचलल्या आणि उमेदवार निवडीच्या बैठकांत कागद पुरवायला बसलो आहे. तिथे काय होतं ते सांगतो.

इच्छुक आत येतो. हातात फाइल, फाइलमध्ये कात्रणं, कार्यक्रमांचे फोटो, मागच्या निवडणुकीचे मतदान केंद्रनिहाय आकडे. फाइल कोणी उघडत नाही. पहिला प्रश्न : "खर्चाचं काय?" तो "माझं मी बघतो" म्हणाला की वातावरण सैल होतं, चहा मागवला जातो. तो घुटमळला की प्रश्नकर्ता खिडकीबाहेर बघायला लागतो. दुसरा प्रश्न : "तिकीट नाही मिळालं तर काय करणार?" ही चौकशी निष्ठेची वाटते, पण असते उपद्रवमूल्याची. बंडखोरी करून आपल्याला पाडू शकेल असा माणूस यादीत वर सरकतो. मग तो बाहेर गेल्यावर त्याच्या नावापुढे पेन्सिलीने शेरा पडतो : 'सक्षम'.

पक्ष कशासाठी आहे, तुला कोणतं काम करायचंय, हे विचारल्याचं मला आठवत नाही. तेव्हा तत्त्व विरुद्ध क्षमता हा सामना बैठकीत होतच नाही. पैसा आणि धाक यांनाच तिथे क्षमता म्हणतात. हॉल यांचा अभ्यास टोकाच्या मतांबद्दल आहे. आमच्या 'सक्षम' उमेदवाराला मतंच नसायची, ना टोकाची ना मधली.

तळटीप :

मंडपातला यांना +१. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच पकडलं होतं. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशात म्हटलं, गुन्हे नोंदलेला उमेदवार दिलात तर तोच का, याची कारणं जाहीर करा, आणि नुसती 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही. बिहारच्या निवडणुकीत आदेश नीट पाळला नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये पक्षांना दंडही झाला, कोणाला १ लाख, कोणाला ५ लाख. उपयोग? आता पक्ष लिहितात : 'लोकप्रिय, समाजकार्य करतात, गुन्हे राजकीय सूडातून.' शब्द बदलला, माणूस तोच.

बिनविरोध :

मला कोणी एक सांगा. काठावरच्या जागेवर तडजोड एकवेळ समजू शकते. पण जिथे पक्ष कोणालाही उभं केलं तरी येतो, तिथे ही सबब कशाला? खरं तर तत्त्वाचे उमेदवार तिथेच फुकटात परवडतात. तरी सुरक्षित जागा जातात नातेवाइकांना आणि देणगीदारांना.

उलट सुरक्षित जागाही गमावता येते. अलाबामात ट्रम्प २०१६ ला जवळपास २८ टक्क्यांनी पुढे होते. पुढच्याच वर्षी सिनेटच्या पोटनिवडणुकीत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार रॉय मूर यांच्यावर अल्पवयीन मुलींशी गैरवर्तनाचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले. राष्ट्रीय पक्ष समितीने आधी हात काढला, मग 'जागा महत्त्वाची' म्हणून परत मदत सुरू केली. जागा गेलीच! तेलही गेलं, तूपही गेलं.

हिशेबनीस :

मूर यांच्याबाबत वाद नाही, पण ते माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. पक्षाने मतदाराचा अंदाज नीट घेतला असता तर उमेदवार बदलला असता. आणि चारित्र्य आणि तत्त्व एकाच पोत्यात घालू नका.

पायवाट, तुम्हाला थेट विचारतो. काठावरची जागा, दोन इच्छुक. एक तुमच्या सगळ्या भूमिका मानतो पण हरेल. दुसरा निम्म्या मानतो पण येईल. कोणाला द्याल?

पायवाट :

निम्म्यावाल्याला, त्या निम्म्यात तडजोड नसलेल्या गोष्टी असतील तर. नसतील तर नाही. मी 'आधी यादी करा' म्हणालो ते याचसाठी.

पण 'हरेल' आणि 'येईल' तुम्ही पुन्हा गृहीतच धरलंत. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते कॉर्बिन यांच्याबाबतीत सगळ्या जाणत्यांनी २०१७ ला धुव्वा उडेल असं सांगितलं होतं. सत्ता आली नाही, पण ४० टक्के मतं पडली आणि जागा वाढल्या. २०१९ ला त्याच माणसाला २०२ जागा, १९३५ नंतरचा नीचांक. अडीच वर्षांत त्यांची क्षमता कुठे गेली? ती माणसाच्या अंगात नसते. प्रश्न कोणता तापलाय (तेव्हा ब्रेक्झिट) आणि समोर कोण आहे यावर ती हलते.

हिशेबनीस :

ठीक. मग तुमची ती यादी करणार कोण? मंडपातले यांच्या बैठकीतले लोक?

पायवाट :

सभासद. गुप्त मतदानाने.

हिशेबनीस :

कॉर्बिन यांना सभासदांनीच निवडलं होतं.